समुद्रकाठची ट्राम

पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळी तुम्ही कधी समुद्राच्या बंधाऱ्यावर उभे राहिला आहात का? लाट कठड्यावर आपटते, तुषार उडतात आणि घटकाभरात अंग ओलेचिंब होते. घरी परतताना ओठांवरून सहज जीभ फिरवली की खारट चव लागते. ही खारट चव एका शहराच्या ट्रामगाडीला फार महागात पडली होती. गंमत अशी की, ज्या समुद्राने त्या ट्रामला छळले त्याच समुद्रामुळे ती पुढे जगली. हे कसे घडले ते आज पाहू.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, आयरिश समुद्राच्या काठी ब्लॅकपूल नावाचे शहर आहे. तेथे मोठे बंदर नाही, खाणी नाहीत. आहे तो लांबच लांब वाळूचा किनारा. १८४६ साली तेथे रेल्वे पोहोचली आणि या गावाचे नशीब पालटले. जवळच लँकेशायरमधील कापडगिरण्यांची गावे होती. एकेका गावातल्या गिरण्या वर्षातून एक आठवडा बंद राहत आणि गावेच्या गावे हवापालटासाठी समुद्रावर लोटत. आज या गावाची पाळी, तर पुढच्या आठवड्यात त्या गावाची. स्टेशनात उतरलेल्या या हजारो लोकांना किनाऱ्यालगत इकडून तिकडे न्यायचे कसे, असा प्रश्न ब्लॅकपूलपुढे उभा राहिला.

वीज द्यायची कोठून?

त्या काळी शहरांतून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत. आपल्या मुंबईतही ९ मे १८७४ रोजी घोड्यांचीच ट्राम सुरू झाली होती. पण घोडा दमतो, आजारी पडतो आणि काम नसले तरी त्याला दाणावैरण लागतेच. म्हणून संशोधकांची नजर विजेकडे वळली.

गाडीत विजेची मोटर बसवणे त्या मानाने सोपे होते. अवघड होते ते धावत्या गाडीला वीज पुरवणे. १८८१ साली जर्मनीत बर्लिनजवळ सीमेन्स यांनी विजेची ट्राम चालवली, तेव्हा रुळांतूनच वीज सोडली होती. एका रुळातून वीज यायची, दुसऱ्यातून परत जायची. पण रस्ता ओलांडताना माणसाचा वा घोड्याचा पाय दोन्ही रुळांना लागला, तर धक्का बसायचा! गजबजलेल्या रस्त्यावर ही सोय कशी चालणार?

मायकेल होलरॉइड स्मिथ या इंग्रज अभियंत्याने निराळी युक्ती काढली. दोन रुळांच्या मधोमध त्याने रस्त्याखाली एक नाली बांधली आणि त्या नालीत तांब्याचे वाहक बसवले. रस्त्याच्या पृष्ठभागावर दिसायची ती फक्त एक अरुंद फट. गाडीच्या तळाशी लावलेली पट्टी नांगराच्या फाळासारखी त्या फटीतून खाली उतरायची आणि वाहकाला घासत वीज घ्यायची. वीज रस्त्याखाली, माणसे रस्त्यावर, म्हणजे कोणालाही धोका नाही.

२९ सप्टेंबर १८८५ रोजी ब्लॅकपूलच्या किनारी रस्त्यावर ही ट्राम सुरू झाली. इंग्लंडमधल्या सार्वजनिक रस्त्यावरची ही पहिली विजेची ट्राम. लोकांनी तिचे मोठे कौतुक केले. पण समुद्राला हे कौतुक ठाऊक नव्हते.

खाऱ्या पाण्याचा प्रताप

वारा सुटला की किनाऱ्यावरची वाळू उडून त्या फटीत शिरू लागली. वादळात लाटा बंधारा ओलांडून रस्त्यावर येत आणि नालीत खारे पाणी साठे. मग वीज मोटरकडे जाण्याऐवजी पाण्यातून जमिनीत पळू लागली.

असे का व्हावे? शुद्ध पाणी विजेचे अगदी मंद वाहक आहे. पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. पाण्यात मिठाचे सोडियम व क्लोराइड असे विद्युतभारित आयन सुटे होतात आणि ते विद्युतप्रवाह वाहून नेतात. म्हणून नळाच्या पाण्यापेक्षा समुद्राचे पाणी शंभरपट किंवा त्याहूनही चांगले वाहक ठरते.

आता थोडे गणित करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, नालीतील वाहक आणि जमीन यांच्यात २०० व्होल्ट विभवांतर आहे. ओल्या वाळूमुळे एका ठिकाणी गळतीची वाट तयार झाली आणि तिचा रोध १०० ओहम आहे. ओहमच्या नियमानुसार तेथून २ अँपिअर प्रवाह गळेल. अशा दहा वाटा असतील तर २० अँपिअर. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले प्रवाह. म्हणजे २०० × २० = ४,००० वॅट, सुमारे सव्वापाच अश्वशक्ती वाया गेली! पाच घोड्यांची ताकद वाळूत मुरली आणि गाडी जागची हलली नाही. शिवाय या सर्व वाटा समांतर जोडणीत असतात. जितक्या वाटा अधिक, तितका एकूण रोध कमी आणि गळती जास्त.

चौदा वर्षे हा झगडा चालला. दरम्यान १८९२ मध्ये नगरपालिकेने ट्राम आपल्या ताब्यात घेतली. अखेर १८९९ साली नाली सोडून देऊन तारा डोक्यावर नेण्यात आल्या. रस्त्याच्या कडेला खांब, खांबांवर विसंवाहक आणि त्यांना टांगलेली तार. गाडीच्या टपावरचा लांब दांडा त्या तारेला टेकून वीज घेई आणि प्रवाह रुळांतून परत जाई. लाट कितीही उसळली तरी तारेभोवती साचून राहणार नाही. फार मोठा शोध नव्हता हा. अडचणीची जागाच बदलली, एवढेच. पण पुष्कळदा अभियांत्रिकीतले उत्तम उपाय असेच साधे असतात.

याच परिसरात आणखी एक प्रयोग झाला. शेजारच्या सेंट ॲन्सकडे जाणाऱ्या मार्गावर १८९६ मध्ये कोळशापासून काढलेल्या वायूवर चालणाऱ्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. पण १९०३ मध्ये तेथेही विजेच्या गाड्या आल्या.

बस आली

१९२१ साली ब्लॅकपूल नगरपालिकेने मोटारबस सुरू केली. आपल्याकडे मुंबईत बस आली १५ जुलै १९२६ रोजी. ट्राम आणि बस यांची तुलना केली तर कोण सरस ठरते?

प्रथम चाकांकडे पाहू. ट्रामचे पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरते. दोन्ही कठीण असल्याने चाक फारसे दबत नाही. बसचे रबरी टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात दबते व पुन्हा फुगते आणि त्यात ऊर्जा खर्च होते. म्हणून दहा टन वजनाची गाडी सपाट जमिनीवर एकसारख्या वेगाने नुसती घरंगळत ठेवायला रुळावर साधारण २०० न्यूटन बल पुरते. रस्त्यावर टायरच्या गाडीला सुमारे १,००० न्यूटन लागते. हवेचा विरोध यात धरलेला नाही.

पण याच गुणात एक दोष आहे. पोलादावर पोलाद निसटते. रूळ ओले असले की ट्रामला चढावर पकड मिळत नाही आणि ब्रेक लावल्यावर ती लवकर थांबत नाही. त्यासाठी ट्रामगाडीत वाळूची पेटी असते. गरज पडली की चाकांपुढे रुळावर थोडी वाळू सोडतात. ज्या वाळूने ब्लॅकपूलची नाली बुजवली, तीच वाळू मोजून वापरली तर ट्रामला सावरते!

दुसरा मुद्दा रस्त्याचा. बसला रूळ नकोत, तारा नकोत. गावाबाहेर नवी वस्ती झाली की दुसऱ्या दिवशी बस तेथे नेता येते. ट्रामसाठी रस्ता खणावा लागतो. वाटेत एखादी गाडी बंद पडली तर बस तिला वळसा घालून पुढे जाते. ट्राम मात्र अडकून बसते आणि तिच्यामागे ट्रामची रांग लागते. वीसपंचवीस वर्षांनी रूळ झिजले की ते बदलण्याचा मोठा खर्च येतो. त्या वेळी प्रत्येक नगरपालिकेपुढे एकच प्रश्न येई : रूळ बदलायचे, की बस घ्यायची?

दोघांच्या वेगळ्या वाटा

१९३३ मध्ये वॉल्टर लफ हे ब्लॅकपूलच्या वाहतूक खात्याचे प्रमुख झाले. इतर शहरे ट्राम मोडीत काढत होती, त्या सुमारास त्यांनी किनाऱ्याच्या मार्गासाठी नव्या, निमुळत्या घडणीच्या ट्रामगाड्या घेतल्या. त्यांत दुमजली गाड्या होत्या, तशाच वरून उघड्या, होडीच्या आकाराच्याही होत्या. मात्र गावातल्या आतल्या मार्गांवर हळूहळू बस आली. १९३६ मध्ये दोन मार्ग गेले. १९६१, १९६२ आणि १९६३ मध्ये एकेक करून आणखी तीन बंद झाले. त्यांत नॉर्थ स्टेशनकडे जाणारा मार्गही होता. उरला फक्त समुद्राकाठचा, स्टार गेट ते फ्लीटवूड हा सुमारे १८ किलोमीटरचा मार्ग.

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी धावली. ग्लासगोची १९६२ मध्येच थांबली होती. त्यानंतर १९९२ मध्ये मँचेस्टरमध्ये नवी ट्राम येईपर्यंत ब्रिटनच्या शहरांत विजेची ट्राम उरली ती ब्लॅकपूललाच. हीच कशी वाचली?

पहिले कारण म्हणजे जागा. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लॅकपूलने समुद्राच्या बाजूला भर घालून किनारी रस्ता रुंद केला आणि त्यात ट्रामसाठी स्वतंत्र पट्टा राखला. समुद्राच्या बाजूने आडवे रस्ते नाहीत, आडव्या गाड्या नाहीत. त्यामुळे मोटारी कितीही वाढल्या तरी ट्राम अडली नाही. मुंबईत रूळ बहुतेक ठिकाणी भर रस्त्यात होते. बैलगाडी, हातगाडी, मोटार, बस या साऱ्यांच्या गर्दीत ट्राम कोंडली. मग ‘ट्राम वाहतूक अडवते’ असा बोल तिलाच लागला.

दुसरे कारण गर्दीचा आकार. ब्लॅकपूलची वस्ती आत पसरलेली असली, तरी पाहुण्यांची गर्दी किनाऱ्यालगत एका रेषेत असते. शरद ऋतूत तेथे मैलोगणती दिव्यांची रोषणाई करतात. ती पाहायला येणाऱ्यांनी रस्ता फुलून जातो. समजा, तासाला ५,००० माणसे न्यायची आहेत. ६० जणांच्या बसला ८४ फेऱ्या लागतील, म्हणजे पाऊण मिनिटाच्या आत एक बस. ९४ आसनांच्या जुन्या दुमजली ट्रामला ५४ फेऱ्या पुरतील. २०१२ साली आलेल्या नव्या, सुमारे ३२ मीटर लांबीच्या ट्राममध्ये बसून व उभे राहून २२० च्या आसपास माणसे मावतात. तिला २३ फेऱ्या बस्स झाल्या. रेषेत लोटणाऱ्या गर्दीसाठी ट्राम आणि चहूकडे विखुरलेल्या वस्तीसाठी बस, असे हे साधे उत्तर आहे.

समुद्राचा त्रास काही संपलेला नाही. खारा वारा लोखंडाचे खांब गंजवतो, वादळानंतर रुळांवरची वाळू उपसावी लागते. पण आता तो त्रास धरूनच बांधणी केली जाते.

साठ वर्षांनी परत

कहाणीचा शेवट आणखी विचार करायला लावणारा आहे. १९६३ साली नॉर्थ स्टेशनची ट्राम बंद केली, तेव्हा ती जुनाट वाटली होती. पुढे रेल्वेने आलेला प्रवासी किनाऱ्यावरच्या ट्रामपर्यंत सामान घेऊन चालत जाऊ लागला. २०२४ च्या जूनमध्ये नॉर्थ स्टेशनपर्यंत पुन्हा ट्राम सुरू झाली. त्यासाठी रस्ता पुन्हा खणून नवे रूळ घालावे लागले.

म्हणून एखादे यंत्र ‘जुने झाले’ असे कोणी म्हणाले की तुम्ही दोन प्रश्न विचारा. यंत्र वाईट आहे, की त्याची जागा चुकली आहे? ब्लॅकपूलच्या नालीची जागा चुकली होती. तीच वीज डोक्यावर नेली, तेव्हा ट्राम चालली. आणि दुसरा प्रश्न : ते काढून टाकल्यावर त्याचे काम कोण करणार? तुमच्या गावात उद्या एखादा मार्ग बंद करण्याची किंवा नवा काढण्याची चर्चा निघेल, तेव्हा हे प्रश्न उपयोगी पडतील.

करून पाहा

नऊ व्होल्टची बॅटरी, एक लहान एलईडी दिवा, ४७० ओहमचा रोध आणि दोन खिळे घ्या. सर्व एकसर जोडणीत जोडा. खिळे एकमेकांना न टेकवता आधी नळाच्या पाण्यात बुडवा, मग त्यात चिमूट-चिमूट मीठ विरघळवत जा. दिव्याचा प्रकाश कसा बदलतो ते वहीत लिहा. नंतर पाण्याऐवजी कोरडी वाळू आणि मिठाच्या पाण्याने भिजवलेली वाळू घेऊन पाहा. प्रयोग खिडकीजवळ, थोडा वेळच करा. घरातल्या विजेच्या जोडणीला मात्र मुळीच हात लावू नका.

विचार करा

१. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या खिळ्यांभोवती बुडबुडे का येतात?
२. तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का का बसत नाही?
३. तुमच्या गावातली गर्दी रेषेत वाहते की चहूकडे विखुरते? एका कागदावर नकाशा काढून ठरवा.