गर्भारपण आणि उपवास

उपवासात पोट रिकामे असता शरीर चालते कशावर, असा प्रश्न आमच्या वर्गातील मुली हटकून विचारतात. यकृतात साखरेचा सुमारे १०० ग्रॅमचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो. जेवण पचल्यावर यकृत तीच साखर रक्तात सोडते. साठा आटू लागला की चरबी वितळते, यकृत तिचे कीटोन बनविते आणि मेंदूही त्यांवर काही अंशी भागवितो.

गर्भवतीचे गणित मात्र निराळे. बाळ वारेतून अहोरात्र आईची साखर ओढीत असते. त्याला ना एकादशी, ना रोजा. शिवाय वारेतील हॉर्मोन आईची चरबी लवकर मोकळी करतात. १९८२ साली शिकागोच्या मेट्झगर, फ्राइंकेल आदी संशोधकांनी शेवटच्या तिमाहीतील निरोगी स्त्रियांचा १८ तासांचा उपवास तपासला. म्हणजे रात्री जेवून सकाळची न्याहारी चुकविली, एवढेच! तरी इतर स्त्रियांपेक्षा त्यांची साखर अधिक उतरली, कीटोन अधिक चढले. फ्राइंकेल यास वेगवान उपासमार म्हणत.

घरच्या वडीलधाऱ्या बाया विचारतात, "आम्ही नाही का केले?" केलेत खरे, पण आत काय चालले होते ते कोणी मोजले? रोजात किंवा निर्जळ हरतालिकेत तर पाणीही नाही. स्वतःस वा बाळास अपायाची भीती असल्यास गर्भवतीने रोजा सोडावा, अशी मुभा आमच्या धर्मशास्त्रातच आहे. मधुमेह असलेलीने डॉक्टरांस विचारल्याविना उपवास धरूच नये. कोणी धरलाच, तर सहरी चुकवू नये. आणि घेरी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सूर्यास्ताची वाट न पाहता तेथेच सोडून डॉक्टरांकडे जावे.