जलाशयाकाठची दैनंदिन पक्षीनोंद

वाशिम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसला आहे. काटेपूर्णा येथे उगम पावून पूर्णेमार्फत तापीला मिळते. अडाण व अरुणावती यांचे पाणी पैनगंगेमार्फत अखेर गोदावरीत जाते. अशा उंचवट्याच्या प्रदेशात साचलेले पाणी म्हणजे बहुतांशी माणसाने अडविलेले पाणी होय. वाशिम शहराला पाणी पुरविणारा एकबुर्जी प्रकल्प, अडाण धरण, कारंज्याचा ऋषी तलाव आणि गावोगावचे पाझर तलाव यांवर सप्टेंबरपासून उत्तरेकडील पाहुणे उतरू लागतात. सायबेरिया, मध्य आशिया व तिबेट या प्रदेशांतून निघालेल्या बदकांना आणि चिखलपक्ष्यांना या पाण्यावर अन्न व विसावा मिळतो. त्यांची रोजची नोंद ठेवणे हे शाळा व ग्रामपंचायत यांच्या आवाक्यातील काम आहे. मात्र ते शिस्तीने झाले तरच उपयोगी पडते.

ही शिस्त प्रथम समुद्रकाठच्या पक्षीनिरीक्षण केंद्रांनी घालून दिली. बाल्टिक समुद्राच्या काठी, रॉसिटेन येथे १९०१ मध्ये जोहान्नेस थीनेमान यांनी असे पहिले केंद्र उभारले. रुंद पाणी ओलांडण्यास नाखूश असलेले पक्षी तेथील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर एकवटत, म्हणून ती जागा निवडली गेली. वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या स्कोकहोम बेटावर १९३३ मध्ये ब्रिटनमधील पहिले केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांत रोज सायंकाळी सर्व निरीक्षक एकत्र बसतात, एकजण जातींची नावे क्रमाने वाचतो, आणि प्रत्येकजण त्या दिवशी पाहिलेली संख्या सांगतो. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडिक्कराई येथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम या संस्थेने पुढे दीर्घकाळ केले.

कडी घालण्यासाठी पक्षी पकडावे लागतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते परवानगीवाचून करता येत नाही. गावातील निरीक्षकाने त्या वाटेस जाऊ नये. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी दिसली तर मात्र तिच्यावरील क्रमांक, तारीख व ठिकाण त्या संस्थेस अवश्य कळवावे.

गणतीचे काम पर्जन्यमापकासारखे आहे. पर्जन्यमापकाची नोंद दररोज ठरलेल्या वेळी घेतली जाते आणि पाऊस नसेल तर शून्य लिहिले जाते. ते शून्य नसेल तर महिन्याच्या बेरजेला अर्थ उरत नाही. पक्ष्यांच्या वहीत नेमके हेच शून्य हरवते. दुर्मीळ पक्षी दिसला की पानभर लिहिले जाते. काही न दिसल्यास वही उघडलीच जात नाही. त्यामुळे भुवई बदके कोणत्या तारखेला आली हे पुढे सांगता येत नाही, कारण आदल्या दिवशी ती नव्हती याला पुरावा नसतो. घरी बसून स्मरणाने भरलेल्या वहीपेक्षा तर कोरी वही बरी.

काठावरील एक जागा कायम करावी. सूर्योदयानंतरचा एक तास ठरवून घ्यावा आणि निरीक्षक किती होते व ते किती वेळ थांबले हे लिहावे. मोठा थवा असल्यास त्यातील दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेच्या मापाने उरलेला थवा मोजावा, व आकड्यापुढे ‘अंदाजे’ असे लिहावे. सोमवारी चाळीस आणि बुधवारी चाळीस चक्रवाक दिसले, तर ते ऐंशी होत नाहीत. तेच चाळीस असतील किंवा पहिले जाऊन दुसरे आले असतील. नुसत्या गणतीने हे कळत नाही.

ओळखीची खरी अडचण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. पुस्तकांतील चित्रांत नर बदके आपल्या भरजरी पिसाऱ्यात असतात. स्थलांतर करून येताना मात्र अनेक नर मादीसारखेच मळकट तपकिरी असतात. त्यामुळे भुवई बदक आणि चक्रांग यांची सर्रास गल्लत होते. भुवई बदकाच्या चेहऱ्यावर फिकट-गडद पट्टे ठळक दिसतात, तर चक्रांगाच्या पंखावर हिरवा चकाकता पट्टा आणि शेपटीच्या बाजूस फिकट रेघ असते. एवढे दिसले नाही तर ‘अनोळखी लहान बदक, संख्या बारा’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. ओढूनताणून दिलेले नाव पुढे खोडता येत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची, आणि नेहमी विसरली जाणारी नोंद पाण्याच्या पातळीची आहे. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी जलाशय काठोकाठ भरतो. चिखल उघडा पडत नाही आणि टिलवे, तुतवार, शेकाटे यांना चरण्यास जागा राहत नाही. ते लहान पाझर तलावांवर पांगतात. याउलट टंचाईच्या वर्षी काठ लवकर उघडतो आणि उरलेल्या एकाच पाण्यावर पक्ष्यांची दाटी होते. नुसते आकडे पाहणाऱ्यास पहिल्या वर्षी पक्षी घटले आणि दुसऱ्या वर्षी वाढले असे वाटेल. दोन्ही निष्कर्ष खोटे ठरतील. रब्बीसाठी पाणी सोडण्याची तारीख, काठावरील गाळपेर आणि मासेमारी यांचीही नोंद त्याच पानावर हवी.

मेलेल्या पक्ष्यांचा रकाना बहुतेक दिवस रिकामा राहील. परंतु फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर बोट्युलिझममुळे हजारो स्थलांतरित पक्षी दगावले. अशा वेळी पशुवैद्यकीय अधिकारी प्रथम विचारतात की येथे एरवी किती पक्षी मरतात. त्याचे उत्तर फक्त रोजच्या वहीत असते. मेलेल्या पक्ष्यास विद्यार्थ्यांनी हात लावू नये. ठिकाण व संख्या लिहून पशुसंवर्धन आणि वन विभागास त्वरित कळवावे.

२००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. एकदाच लिहून कपाटात ठेवलेल्या त्या नोंदवहीला दरवर्षीच्या पक्षीनोंदींची जोड मिळाल्यास, जलाशयाच्या काठावर एखादे काम प्रस्तावित होईल तेव्हा ग्रामसभेला तारीखवार आकडे पुढे ठेवता येतील. शिक्षकाची बदली झाली की असा उपक्रम बहुधा थांबतो. म्हणून वही शिक्षकाच्या नावे न ठेवता शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंद करावी आणि प्रभार देताना इतर दप्तराबरोबर ती मोजून द्यावी.