आधी फुलं, मग तिकिटं

महाराष्ट्रात शाळांना मे महिन्यात सुट्टी लागते आणि जूनच्या मध्यावर, विदर्भात थोड्या उशिरा, शाळा उघडतात. अमेरिका-कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर खरा उन्हाळा स्थिरावतो तो जुलैत. या दोन वेळांतला फरक विचारात न घेता आखलेल्या सहलीत काय होतं, ते आम्ही अनुभवलं आहे. तिथल्या बागा बघण्यासाठी एवढा खर्च करून निघणाऱ्या माणसांचं तसं होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आमची पहिली सहल पुण्यातल्या एका प्रवासी कंपनीबरोबर मे महिन्यात झाली. माहितीपत्रकात पोर्टलंडच्या इंटरनॅशनल रोझ टेस्ट गार्डनचा पानभर फोटो होता. 1917 साली सुरू झालेली ही बाग, दहा हजारांहून अधिक झाडं, प्रवेश विनामूल्य. आम्ही पोचलो तेव्हा त्या सगळ्या झाडांवर तजेलदार पालवी होती आणि घट्ट मिटलेल्या कळ्या होत्या. आमच्याबरोबर गच्चीवर गुलाब जोपासणाऱ्या एक आजी होत्या. त्या प्रत्येक वाफ्याशी वाकून जातीच्या पाट्या वाचत होत्या आणि गाइड घड्याळाकडे बघत होता. पोर्टलंडचा गुलाब खऱ्या अर्थानं बहरतो जूनमध्ये, हे माहितीपत्रकात कुठंच नव्हतं.

त्याच दिवशी त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला क्रिस्टल स्प्रिंग्ज ऱ्होडोडेंड्रॉन गार्डन ऐन भरात होती. माझी भावजय सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला राहते. तिनं फोनवर विचारलं, "ताई, मेमध्ये आलात आणि ऱ्होडोडेंड्रॉन बघितले नाहीत? इथं या महिन्यात तेच तर बघायचे असतात!" आमच्या कार्यक्रमात ती बाग नव्हतीच.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की शहरांची यादी करण्याआधी महिना आणि फूल यांची जोडी लावा. मार्चअखेर ते एप्रिल हा चेरीचा काळ. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला स्कॅजिट खोऱ्यात एप्रिलमध्ये ट्युलिपची शेतं असतात, मेमध्ये तिथं काही उरत नाही. एप्रिल-मे ऱ्होडोडेंड्रॉनचे. मेच्या उत्तरार्धात व्हँकूव्हरच्या व्हॅनड्यूसन बागेत लॅबर्नमची कमान पिवळ्या घोसांनी लगडते. मेअखेरीला आणि जूनमध्ये तिथल्या बागांत हिमालयातली निळी पॉपी फुलते, आपल्यातल्या बहुतेकांनी ती हिमालयात कधी पाहिलेली नसते. जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत गुलाब, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेलिया. शाळेमुळे मेमध्येच जाणं भाग असेल तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका, फक्त गुलाबांचा हट्ट सोडा. मेअखेरीची सहल निळ्या पॉपीभोवती आखली तर ती जुलैइतकीच समृद्ध होते, असं माझं ठाम मत आहे.

पुढे आम्ही स्वतः आखणी करून जुलैत गेलो आणि बुचार्ट गार्डन्सला पुरेसा वेळ दिला. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराच्या उत्तरेला, ब्रेंटवुड बेला ही बाग आहे. रॉबर्ट पिम बुचार्ट यांचा सिमेंटचा कारखाना होता आणि त्यासाठी इथं चुनखडी खणली जायची. खडक संपला, मागे ओसाड खड्डा राहिला. त्यांच्या पत्नी जेनी यांनी आसपासच्या शेतांतली माती घोडागाड्यांनी आणवून तो भरायला घेतला. उघड्या कड्यांवर वेल चढावा म्हणून त्या स्वतः दोराला बांधलेल्या फळीवर बसून खाली उतरायच्या आणि कपारींत आयव्हीची रोपं लावायच्या. 1921 मध्ये ही खोलगट बाग पुरी झाली. वरच्या कठड्यावरून खाली बघताना हा इतिहास माहीत असला तर नजर फुलांवरून कड्यांकडे वळते आणि त्या बाईंच्या चिकाटीपुढे मान झुकते. आपल्याकडे गावोगावी बंद पडलेल्या दगडखाणी आहेत. मी तिथं बराच वेळ त्यांचाच विचार करत उभी होते.

एकूण बाग 55 एकरांची आहे. सहलींच्या बस तिथं दीड-दोन तास थांबतात, तो वेळ अपुरा आहे. दुपारी तीननंतर जा. गर्दी ओसरू लागते आणि जुलैत सूर्य नवाच्या सुमाराला मावळत असल्यानं उजेडाची चिंता नसते. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारी रात्री आतषबाजी असते, ती सुंदर असते, पण त्या दिवशी माणसांची दाटी फार. फुलांसाठी जाणाऱ्यांनी मधला वार निवडावा. व्हँकूव्हरकडून येणारी बोट त्सवासन धक्क्यावरून निघून साधारण दीड तासात स्वॉर्ट्झ बेला लागते, आणि तिथून व्हिक्टोरियाला जाताना ही बाग वाटेजवळच पडते. भाड्याची गाडी बोटीवर चढवायची असेल तर आगाऊ आरक्षण कराच. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी आरक्षणाशिवाय आलेल्या गाड्या एकामागून एक बोटी जाताना बघत रांगेत थांबतात. पायी जाणाऱ्यांना सहसा अडचण येत नाही.

सीमेबद्दल फार स्पष्ट सांगायला हवं. सिअ‍ॅटल ते व्हँकूव्हर अंतर सुमारे 230 किलोमीटर, म्हणून लोकांना तो एकच भाग वाटतो. पण अमेरिकेच्या व्हिसावर भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडात जाता येत नाही, कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात आईवडिलांनी भारतातून दोन्ही व्हिसे काढले होते. मुलगा मात्र अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, पासपोर्ट भारतीय. त्याला कॅनडाचा व्हिसा लागेल हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ज्याच्या भरवशावर गाडी निघायची तोच मागे राहिला. ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, एच-वन-बीवाल्यांना लागतो. परत अमेरिकेत शिरायचं असल्यानं तिथला व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, तेही तपासा.

सॅन फ्रान्सिस्कोसाठी स्वेटर घ्या, जुलै असला तरी. तिथल्या किनाऱ्याला लागून थंड प्रवाह वाहतो, आतलं खोरं उन्हानं तापतं, आणि तापलेली हवा वर गेली की समुद्रावरचं गार धुकं गोल्डन गेटमधून आत ओढलं जातं. जुलैत दुपारचं तापमान विशीच्या आसपासच असतं. तिथं उबदार दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. गोल्डन गेट पार्कमधली जपानी टी गार्डन 1894 पासूनची आहे, ती सकाळी धुक्यातच बघावी. गाडीत मात्र पर्ससुद्धा ठेवून उतरू नका, काचा फोडून सामान नेण्याचे प्रकार तिथं होतात.

कोकणातल्या किनाऱ्यांवर वाढलेल्यांना एक कळकळीची सूचना. हा समुद्र गुहागर-गणपतीपुळ्याचा नव्हे. उत्तर कॅलिफोर्निया-ओरेगॉनकडे पाणी उन्हाळ्यातही अंग बधिर करण्याइतकं गार असतं आणि शांत वाटणाऱ्या पाण्यातून अचानक मोठी लाट किनाऱ्यावर खूप आत येते. मुलांना लाटांकडे पाठ करून फोटोसाठी उभं करू नका. ओल्या वाळूवर पडलेल्या ओंडक्यांवर चढू देऊ नका, लाटेनं ते गडगडतात.

जुलै मला ऑगस्टपेक्षा बरा वाटतो त्याचं कारण वणवे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धूर शहरांवर उतरतो. 2020 च्या सप्टेंबरमध्ये पोर्टलंडची हवा जगातल्या सर्वांत वाईट हवेत गणली गेली होती. दमा असलेल्या ज्येष्ठांनी जुलैतच जावं, आणि रद्द करता येईल अशीच खोली ठरवावी. खोलीत एसी आहे का हेही विचारावं. तिकडे अनेक घरांत आणि जुन्या हॉटेलांत तो नसतो, आणि 2021 च्या जूनअखेरीला पोर्टलंडनं 46 अंशांवरचं तापमान पाहिलं आहे.

मेमध्ये मुलाकडे निघालेली आई पिशवीत हापूस ठेवतेच. ठेवू नका. अमेरिकेत भारतीय आंबा जातो तो विकिरण प्रक्रिया करून, रीतसर निर्यातीतून. सामानातला आंबा विमानतळावर काढून घेतात आणि तो आधी जाहीर केला नसेल तर दंडही होऊ शकतो. येतानाही तोच नियम उलट्या दिशेनं लागू होतो. बागांच्या दुकानांत बियांची देखणी पाकिटं आणि कंद असतात. भारतात बी-रोप आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, कारण परक्या मातीतली एखादी कीड इथल्या शेतीला महागात पडू शकते. त्यामुळे वही घ्या आणि पाट्यांवरची जातींची नावं उतरवून आणा. आमच्या त्या आजींनी कळ्यांच्या बागेतसुद्धा पानं भरून नावं लिहिली होती. 'पीस' आणि 'डबल डिलाइट' ही त्यातली दोन नावं आपल्याकडच्या रोपवाटिकांतही मिळतात. कलम लावायला पावसाळा ओसरल्यावरचे दिवस चांगले.