घरगुती सौंदर्यसेवेचा व्यवसाय : गिऱ्हाईक कसे जोडावे?

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने सौंदर्यसेवेवर लेखणी उचलावी, हे पाहून आमच्या काही स्नेह्यांस हसू येईल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी हयात बेळगावच्या रविवार पेठेत पोत्यांच्या थप्प्यांत गेलेली. तथापि गेल्या काही वर्षांत आमच्याच घराच्या मागील खोलीत हा व्यवसाय उभा राहताना आम्ही पाहिला. त्यातून जे शिकावयास मिळाले, ते सभासद कुटुंबांतील लेकीसुनांच्या उपयोगी पडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

2020 साली टाळेबंदी झाली आणि आमच्या धाकट्या चिरंजीवांचे कापडाचे दुकान बंद पडले. भाडे थकले, मुलांच्या शाळेचे शुल्क थकले. आमच्या सूनबाईंनी विवाहापूर्वी या विद्येचे शिक्षण घेतले होते. हा उद्योग घरी करण्याची अनुज्ञा त्यांनी मागितली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. परक्यांच्या पायांस हात लावण्याचे काम आपल्या घराण्यास शोभत नाही, असे आमचे म्हणणे. त्यावर त्या इतकेच म्हणाल्या, "मामंजी, आपण उन्हात उभे राहून दुसऱ्याची पोती मोजता, त्यात कधी कमीपणा मानला नाहीत." आम्हांस उत्तर सुचले नाही.

आरंभी त्यांनी निम्म्या दराची पत्रके वाटली. पहिल्या महिन्यात गर्दी झाली. दर पूर्ववत होताच खोली ओस पडली. सवलतीस भुलून आलेले गिऱ्हाईक सवलतीबरोबरच निघून जाते, हा नियम धान्यास लागू आहे तसाच येथेही आहे.

तेव्हा आम्ही त्यांस आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगितली. आम्ही भाव उतरवून माल खपवीत नाही. पोत्यातील मूठभर नमुना काढून हातावर ठेवतो. अमेरिकेत एस्टी लॉडर या बाईंनी 1946 साली पतीसह आपली कंपनी स्थापन केली, तीही अशाच रीतीने वाढविली. केशरचनेसाठी आलेल्या स्त्रियांच्या हातास आपले मलम स्वतः लावून दाखवावे आणि जाताना थोडा नमुना फुकट द्यावा, अशी त्यांची पद्धत होती. सूनबाईंनी दर पूर्ण ठेवला, मात्र भुवया कोरण्यास आलेल्या स्त्रीच्या हातांस दहा मिनिटे विनामूल्य मालिश करण्याचा परिपाठ ठेवला. पुढील खेपेस तीच स्त्री मोठ्या कामासाठी येऊ लागली.

दुसरी गोष्ट वहीची. प्रत्येक गिऱ्हाइकास एक पान द्यावे. त्यावर नाव, त्वचेचा प्रकार, कोणता पदार्थ सोसत नाही, काय काम केले, कोणत्या तारखेस केले, हे लिहावे. भुवया साधारणतः तीन-चार आठवड्यांनी पुन्हा वाढतात. त्या सुमारास दूरध्वनीवर दोन ओळींचा निरोप धाडावा. दररोज जाहिराती पाठविणाऱ्याचा निरोप कोणी वाचत नाही; वेळेवर आलेला एकच निरोप मात्र आपुलकीचा वाटतो.

आता आमच्या चुकीची हकीकत. 2022 च्या दिवाळीपूर्वी एक बाई घाईत आल्या व केसांस काळा कलप लावून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे कपाळ व पापण्या सुजल्या. केस काळे करणाऱ्या बहुतेक कलपांत पॅराफिनिलीनडायामिन नावाचे द्रव्य असते व ते काहींच्या अंगास मुळीच सोसत नाही. म्हणून 48 तास अगोदर कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडा कलप लावून पाहावा लागतो. घाईपायी ते राहून गेले होते. आम्ही सल्ला दिला की गप्प राहावे आणि दोष कलपावर ढकलावा. त्या सल्ल्याची आम्हांस आजही लाज वाटते. सूनबाई तडक त्या बाईंच्या घरी गेल्या, त्यांस डॉक्टरांकडे नेले, खर्च स्वतः सोसला आणि परीक्षा न केल्याची चूक स्पष्ट शब्दांत कबूल केली. पाच महिने त्या बाई फिरकल्या नाहीत. पुढे कन्येचा विवाह ठरला, तेव्हा वधूसह घरातील नऊ जणींचे काम त्यांनी आमच्याच घरी आणले. त्यांच्या केसांस कलप मात्र पुन्हा लावलेला नाही. परीक्षेवाचून कोणासही कलप लावावयाचा नाही, हा नियम तेव्हापासून भिंतीवर लिहिलेला आहे.

स्वच्छतेचेही तसेच. प्रत्येकीस नवा दोरा व धुतलेला टॉवेल द्यावा. धातूची उपकरणे साबणाने धुऊन मग 70 टक्के अल्कोहोलने पुसावीत. मेणात एकदा बुडवून अंगास लावलेली पट्टी पुन्हा त्याच भांड्यात बुडवू नये.

आपल्या समाजातील भगिनींसाठी एक विशेष सूचना. ओठांच्या लालीतील कारमाईन हा रंग किड्यांपासून काढतात. वेष्टनावर तो सीआय 75470 या क्रमांकानेही छापलेला असतो. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येते, तर काही मलमांत मधमाशांचे मेण असते. वेष्टन वाचून, विचारण्यापूर्वीच हे सांगणाऱ्या स्त्रीवर श्रद्धाळू घरांचा विश्वास बसतो.

हिशेबात साहित्य, वीज, धुलाई यांबरोबर स्वतःच्या वेळेचेही मोल धरावे. भाव सर्वांस एकच असावा. नात्यातील बाईस सूट दिली की शेजारणीस ते कळतेच. उधारी ठेवू नये. चातुर्मासात लग्नकार्ये नसतात, म्हणून तुळशीच्या लग्नानंतरच्या मिळकतीतून त्या महिन्यांची तरतूद आधीच बाजूस काढावी. ऐन हंगामात सुगीच्या कमाईवर पाऊसकाळ काढणारा शेतकरी हेच करीत आला आहे.

अखेरची गोष्ट जिभेची. आरशापुढे बसलेली स्त्री मन मोकळे करते. एका घरचे दुसऱ्या घरी गेले की दोन्ही घरे तुटली म्हणून समजावे. कोणाचे छायाचित्रही तिच्या संमतीवाचून बाहेर जाता कामा नये.

थकलेले भाडे 2023 अखेर फिटले. चिरंजीव आता धान्याच्या पेढीवर आमच्यासह बसतात आणि रात्री पत्नीची वही लिहितात. आमच्या घरी आता दोन पेढ्या आहेत, असे आम्ही अभिमानाने सांगतो. ज्या सभासदांच्या घरी एखादी लेकसून अशी अनुज्ञा मागत असेल, त्यांनी नकार देण्यापूर्वी मागील खोली एकवार रिकामी करून पाहावी, एवढीच विनंती.