काळोख्या रानाचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीकडून या अंकात सहकार, बँका किंवा वस्तू व सेवा कर यांवरील लेखाची अपेक्षा असते. मी एका रानावर लिहीत आहे. मात्र हिशेबाच्या अंगाने.

उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्धापूर तालुक्यात, जोगच्या धबधब्यापासून जवळच कत्तलेकान नावाचे रान आहे. कन्नडमध्ये ‘कत्तले’ म्हणजे काळोख आणि ‘कान’ म्हणजे दाट सदाहरित रान. मराठी वाचकाला ‘कत्तल’ आठवण्याचा संभव आहे, पण तिचा येथे संबंध नाही, निदान नावात तरी नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग किनारपट्टी ओलांडून याच चढणीला अडतात. त्यामुळे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो.

येथे जायला स्वतःची गाडी लागत नाही. बेळगावहून शिर्सी, शिर्सीहून सिद्धापूर, तेथून मावीनगुंडीचा फाटा आणि मग होन्नावरकडे उतरणारी बस. जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली कर्नाटकातील स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास विनामूल्य आहे. तरीही कंडक्टर आम्हा दोघी मैत्रिणींना प्रत्येक वेळी तिकीट फाडून देत होता आणि त्यावर रक्कम शून्य छापलेली होती. शून्याचीही नोंद ठेवायची असते, हा जमाखर्चाचा पहिला धडा मला वर्गाबाहेर मिळाला तो असा.

सिद्धापूरला मैत्रिणीच्या मामांचा सुपारीचा मळा आहे. त्यांनीच आधी वनखात्याची परवानगी काढून ठेवली होती. रस्ता सोडून वनरक्षकामागोमाग आत शिरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील, पण उजेड तिन्हीसांजेचा होता. पायाखाली पाचोळा, मग चिखल, मग चिखलातून वाहणारे झुळझुळ पाणी. आणि त्या चिखलातून जागोजागी वर आलेली, गुडघा मोडून बसलेल्या माणसासारखी मुळे! वनस्पतिशास्त्रातही त्यांना गुडघामुळेच म्हणतात. पाण्याने भरलेल्या मातीत हवा मिळत नाही, म्हणून मूळ वर येते, श्वास घेते आणि वळून पुन्हा मातीत जाते. हे झाड जिम्नाक्रँथेरा. शेजारी मिरिस्टिका मॅग्निफिका; त्याच्या खोडापासून तिरप्या मुळ्या मांडवाच्या टेकूसारख्या चहूबाजूंनी उतरतात. दोन्ही झाडे आपल्या मसाल्याच्या डब्यातील जायफळाच्या कुळातील. फुलझाडांच्या अतिप्राचीन कुळांत या कुळाची गणना होते.

अशा दलदली केरळपासून उत्तरेकडे तुरळक तुकड्यांनी उरल्या आहेत. आपल्या बाजूला गोव्यातील सत्तरी तालुक्यात बांबर येथील निरंकाराची राय ही त्यांतलीच एक. तुकडे का, याचे एक कारण बियांत आहे. या झाडांची बी वाळली की रुजत नाही. धनेशासारखा मोठा पक्षी लाल जायपत्रीच्या लोभाने ती गिळतो आणि थोड्या अंतरावर टाकतो; ती ओल्या जागी पडली तरच झाड. मधला पट्टा एकदा कोरडा झाला की हे रान तो ओलांडू शकत नाही. येथे बिब्ब्याच्या कुळातील एक झाडही आहे. २००० साली त्याचे प्रथम वर्णन झाले आणि त्याला या गावाचेच नाव मिळाले : सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस.

आता प्रश्न असा, की आजूबाजूला कुमरी शेतीसाठी राने जाळली जात असताना हेच रान कसे टिकले? देवामुळे, हे उत्तर आपल्याला देवराईवरून ठाऊक आहे आणि ते खरेही आहे. १८०१ साली फ्रान्सिस बुकानन कारवार भागातून गेला, तेव्हा राने गावदेवाची मालमत्ता असून गौडाच्या, म्हणजे गावच्या मुख्याच्या, परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, असे त्याला आढळले. कंपनी सरकारने रानावर हक्क सांगू नये म्हणून केलेली ही युक्ती आहे, असा त्याला संशय आला. मला तो संशय फार मार्मिक वाटतो. जेथे मालमत्ता नाही तेथे कोणी युक्ती करत नाही!

ती मालमत्ता होती मिरी. मिरीच्या वेलाला आधार लागतो, सावली लागते, ओल लागते; कानात हे तिन्ही फुकट. गेरसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी हिने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुलखावर राज्य केले आणि गोव्याच्या पोर्तुगिजांनी तिला ‘मिरीची राणी’ म्हटले. पाठ्यपुस्तकातील भाषेत सांगायचे तर कान हे भांडवल आणि मिरी हे व्याज. झाड तोडले तर पुढच्या वर्षी वेल कशावर चढणार, हे राणीच्या रयतेला समजावण्यास अर्थशास्त्राची गरज नव्हती. व्यापाराने जंगल बुडते हे विधान आपण सरसकट करतो, ते मला मान्य नाही. व्यापार कशाचा, यावर ते अवलंबून आहे.

याची दुसरी बाजू उप्पागेची. हे कोकमाच्या जातीचे फळ. घाटावर त्याच्या आंबट साली आमसुलासारख्या वापरतात आणि बियांचे तूप काढतात. १९९० नंतरच्या दशकात या सालीतील आम्लाला परदेशांतून वजन उतरवण्याच्या औषधांसाठी मागणी आली. भाव चढताच लोक कच्ची फळे उतरवू लागले, फांद्याही तोडल्या. फळ येते ऐन पावसाळ्यात. साली वाळवायच्या तर धुरावर, म्हणजे सरपणही त्याच रानातून. मिरीने झाड राखले, उप्पागेने फांदी मोडली. माल दोन्ही वेळा रानातलाच आणि गिऱ्हाईक दोन्ही वेळा समुद्रापलीकडचे. फरक इतकाच, की मिरीवाल्याला पुढच्या वर्षीही तेच झाड हवे होते.

सरकारी संरक्षण आज आहे. २०१९ साली शरावती खोऱ्याच्या अभयारण्याचा विस्तार झाला आणि त्याला सिंहपुच्छ वानराचे नाव मिळाले. कन्नडमध्ये हा सिंगळीक. आम्हाला तो दिसला नाही, नुसता फांद्या हलल्याचा आवाज आला. पण मालकीच्या जमिनीतील ओढ्याकाठच्या दलदलींना अभयारण्य पुरे पडत नाही. अशा कितीतरी दलदली पूर्वीच भातखाचरे आणि सुपारीच्या बागा झाल्या.

मामांच्या मळ्याच्या वरच्या अंगाला अशीच एक पट्टी आहे. चर खणून ती कोरडी करावी आणि सुपारी वाढवावी, असे त्यांच्या मुलाचे म्हणणे. रात्री जेवणानंतर त्याने माझ्यापुढे कागद ठेवला, ‘तू बी.कॉम. ना, सांग.’ रोपे, खत, मजुरी, सुपारीचा चालू भाव, सारे व्यवस्थित मांडलेले. नफा स्वच्छ दिसत होता. मामा एवढेच म्हणाले, ‘एप्रिलात मळ्याला पाणी येते ते त्या चिखलातून. तो आकडा कुठे आहे?’

मी खर्चाच्या बाजूला ‘पाणी’ असे लिहिले. मुलगा म्हणाला, त्याचे बिल कधी आले नाही, मग रक्कम काय धरायची? शून्य धरली, तर कागदावरचा नफा तसाच राहतो. विहीर खणण्याचा खर्च धरला, तर नफा बराच उतरतो. शिवाय तोच ओढा खाली आणखी तीन मळ्यांना जातो. त्यांच्या पाण्याची रक्कम कोणाच्या वहीत घालायची, हे आम्हा चौघांपैकी कोणालाच सांगता येईना. मामांनी कागदाची घडी करून ती पंचांगात ठेवली. चर खणायचा की नाही, हे सुपारी उतरल्यावर ठरणार आहे.