बाजारपेठेतील कॅमेरा आणि नागरिकांचा अधिकार

पूर्वी पेठेच्या रक्षणाचे काम गुरख्याकडे असे. तो रात्री काठी आपटीत फिरे, दुकानांची कुलुपे ओढून पाही आणि सकाळी आपल्या घरी निघून जाई. त्याने कोणाला उशिरा घरी परतताना पाहिले, हे तो बहुधा विसरून जाई. निदान बोलत तरी नसे. आज खांबावर बसविलेला कॅमेरा काही विसरत नाही. हा त्याचा गुण खराच, परंतु त्याच्यासंबंधीच्या वादाचे मूळही तेथेच आहे.

हैदराबादेतील आपल्या बांधवांना हा विषय नवा नाही. 21 फेब्रुवारी 2013 रोजी दिलसुखनगर येथे बॉम्बस्फोट झाले. त्याच वर्षी तत्कालीन आंध्र प्रदेश राज्याने सार्वजनिक सुरक्षेचा कायदा केला. मोठ्या संख्येने लोक जमतात अशा आस्थापनांनी कॅमेरे बसवावेत, त्यांतील चित्रण तीस दिवस जपावे व पोलिसांनी मागितल्यास द्यावे, असे बंधन त्याने घातले. पुढे 'नेनु सैतम', म्हणजे 'मी सुद्धा', या पोलिसांच्या योजनेखाली वस्त्यांनी आणि व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून रस्त्यांवर कॅमेरे उभे केले. 2022 च्या ऑगस्टमध्ये बंजारा हिल्स येथे पोलिसांचे भव्य नियंत्रण केंद्र सुरू झाले. तात्पर्य, या जाळ्याचा मोठा भाग लोकांच्या खिशातून उभा राहिला आहे. ज्याने पैसा दिला त्याने हिशेब विचारणे हा व्यापारधर्मच होय. पण या बाबतीत हिशेब विचारणारे थोडे निघाले.

असे विचारणारा एक नागरिक मात्र न्यायालयापर्यंत गेला. 2021 साली टाळेबंदीच्या दिवसांत पोलिसांनी त्यास रस्त्यात थांबवून, तोंडावरील मुखपट्टी काढावयास सांगून त्याचे छायाचित्र घेतले. ते कशासाठी घेतले आणि चेहरा ओळखणाऱ्या यंत्रात ते जाणार काय, अशी त्याची विचारणा होती. तेलंगणा उच्च न्यायालयाने 2022 च्या जानेवारीत त्याच्या याचिकेवर शासनास नोटीस काढली. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. साधा कॅमेरा गल्लीत काय घडले ते दाखवितो. चेहरा ओळखणारे यंत्र कोण, केव्हा, कोठे होता याची नोंद जुळवू शकते. पहिल्यास संमती दिली म्हणजे दुसऱ्यास दिली, असे होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यावर शासनाने मर्यादा घालावयाची तर तीस कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा, उपाय हेतूच्या प्रमाणात हवा आणि गैरवापरास आळा घालणारी व्यवस्था हवी. वादात ही चौथी अट बहुधा मागे पडते.

अमेरिकेतील ओकलंड शहराची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. बंदर आणि शहर यांवर एकत्र देखरेख ठेवणारे केंद्र उभारण्याचा तेथील घाट होता. रहिवासी नगर परिषदेच्या सभांना रात्र रात्र बसले, आणि 2014 साली परिषदेने ते केंद्र बंदरापुरतेच मर्यादित केले. 2018 साली तर असा नियम झाला की, देखरेखीचे कोणतेही साधन घेण्यापूर्वी त्याच्या वापराचे धोरण नागरिकांच्या समितीपुढे व परिषदेपुढे ठेवून मंजुरी घ्यावी आणि दरवर्षी अहवाल द्यावा. शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोने 2019 साली आपल्या खात्यांना चेहरा ओळखणारे यंत्र वापरण्यास बंदीच केली. आपल्या नगरपालिकांत रस्त्याचे डांबर आणि गटारे यांवर तास तास चर्चा होते. कॅमेऱ्यांचा ठराव मात्र कित्येकदा टाळ्यांच्या गजरात संमत होतो!

मग कॅमेरे निरुपयोगी आहेत काय? मुळीच नाही. चाळीस वर्षांतील अभ्यासांचा एक आढावा 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे सुमारे 13 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. वाहनतळांवर परिणाम सर्वांत अधिक होता; मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांत मात्र लक्षणीय घट दिसली नाही. सराफाने वा कापडवाल्याने एवढा लाभ तुच्छ मानू नये, तसेच पूर्ण अभय मिळाले असेही समजू नये.

प्रस्तुत लेखकास याचा अनुभव आहे. दुकानातून माल गेल्याचे नवव्या दिवशी लक्षात आले, तेव्हा आमच्या रेकॉर्डरमध्ये सातच दिवसांची साठवण शिल्लक होती. बसविणाऱ्याने सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारले नव्हते. याहून मनाला लागलेली गोष्ट निराळी. एका परिचिताच्या दुकानातील चित्रण नोकराने मोबाइलवर उतरवून चारचौघांत फिरविले. त्यात पाय घसरून पडलेली एक गिऱ्हाईक बाई होती. ती पुन्हा त्या दुकानाची पायरी चढली नाही. आपल्या वडिलांच्या काळी गिऱ्हाइकाची खतावणी परक्याला दाखविणे लांच्छनास्पद मानीत. हे चित्रण म्हणजे गिऱ्हाइकाची खतावणीच नव्हे काय?

कायदाही आता त्याच दिशेने चालला आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि त्यांतील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. माहितीच्या सुरक्षिततेची योग्य काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. शासकीय यंत्रणांना त्यात बरीच सूट मिळू शकते, आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. दुकानदाराला तशी सूट गृहीत धरता येणार नाही.

पुराव्याचीही एक अडचण आहे. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी ठरविले की, मूळ यंत्रच हजर केले नसेल तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यकच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमात त्याची तरतूद आहे. म्हणून पोलीस चित्रण मागावयास आले असता मागणी लेखी घ्यावी, कोणत्या तारखेचे व किती वाजल्यापासूनचे चित्रण दिले ते नोंदवून पोच घ्यावी, आणि शक्य तर मूळ साठवण तशीच बाजूस ठेवावी.

पेठेच्या वर्गणीची पावती फाडण्यापूर्वीही काही गोष्टी ठरावात लिहून घेता येतील. कॅमेऱ्याचे तोंड रस्त्याकडे राहील, समोरच्या माडीच्या खिडकीकडे नव्हे. चित्रण किती दिवसांनी पुसले जाईल. किल्ली कोणाकडे राहील आणि पाहणाऱ्याचे नाव कोणत्या वहीत चढेल. चेहरा ओळखणारे यंत्र जोडावयाचे झाल्यास पुन्हा सभा बोलवावी लागेल, हेही त्याच ठरावात यावे. खांबाखाली एक पाटी लावून तीवर जबाबदार माणसाचा दूरध्वनी लिहिण्यास खर्च फार येत नाही.