वाटी बदलण्याआधी

गुडघा धरून बसलेल्या बाईला आमच्या नेरमध्ये दोनच सल्ले मिळतात: गोळी घे, नाहीतर वाटी बदल. मला दोन्ही मिळाले होते.

श्रावणात निंदणाला उकिडवी बसले होते. उठताना डाव्या गुडघ्यात आतल्या बाजूनं अशी कळ आली की खुरपं हातातून सुटलं. पडले नव्हते, पाय मुरगळलाही नव्हता. पुढे रात्री झोपेतसुद्धा ठणकायचं. एक्स-रेत ‘वयाची झीज’ निघाली, आणि एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यानं पायाला हातही न लावता ऑपरेशनच्या पॅकेजचा कागद पुढे केला.

भाची ऐकेना, म्हणून यवतमाळला दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांध्याच्या जरा खाली अंगठ्यानं हाड दाबलं, तशी मी ओरडलेच. “काकू, दुखणं हळूहळू वाढलं की एका दिवशी सुरू झालं?” तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. एमआरआयमध्ये कूर्चेखालच्या हाडाला बारीक भेग आणि भोवती सूज दिसली. एक्स-रेत अशी भेग सुरुवातीला बहुधा दिसत नाही. पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात, त्यात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असलं तर रोजची उठबससुद्धा त्यांना झेपत नाही.

उपचार म्हणजे त्या पायावरचा भार काढणं. वॉकर आला, कमोड खुर्ची आली, भाकरी उंच स्टुलावर बसून ओट्यावर थापू लागले. हाडांची घनता तपासली, औषधं सुरू झाली. वेळेत कळलं तर अशी भेग बहुतेकदा काही महिन्यांत भरून येते. माझी आली. खरा धोका नुसत्या गोळ्यांवर चालत राहण्यात आहे. दुखणं दबतं, भार पडतच राहतो आणि हाड खचतं. मग बरेचदा सांधा बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

सांधा खरोखर गेला असेल तर ऑपरेशनला घाबरू नका. धातूचा गुडघा बसवून सुखानं चालणाऱ्या बाया मी पाहते. पण आतलीच बाजू खराब असेल तर अर्धा सांधा बदलून भागेल का, हे विचारा. किमतीचंही विचारा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. पूर्वी दीड लाखाच्या वर जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा पूर्ण गुडघा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. आजची मर्यादा किती, ते आधी माहीत करून घ्या. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा, कंपनीचं नाव आणि बॅच नंबरसुद्धा. तो कागद जपून ठेवा, पुढे कधी सांधा पुन्हा उघडावा लागला तर डॉक्टरांना तोच लागतो.

आता कापूस वेचणीचे दिवस येतील. गुडघ्यात अचानक कळ आली आणि पाय टेकवेना, तर हंगाम संपायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, एमआरआय लागेल का ते स्वतःहून विचारा, आणि तोवर त्या पायावर भार देऊ नका.